आईनं बांधून ठेवलेले बूट

बाबा फ्रँकफर्टला आले ते दोन बॅगा घेऊन. एकीत माझ्यासाठी कांदा-लसूण मसाला, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी. दुसरीत त्यांचे चार शर्ट आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेलं एक कापडी गाठोडं. गाठोडं बघितल्याबरोबर माझं डोकं फिरलं, कारण आत काय असणार हे मला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी इथल्या पहिल्या पगारातून मी त्यांना पाठवलेले बूट.

"बाबा, अजून नवेकोरे?"

"चांगले आहेत गं. जपून ठेवलेत."

थोडं मागचं सांगते. बाबा राधानगरीच्या जंगलात वनरक्षक होते, निवृत्त झाले तेव्हा वनपाल. सगळा जन्म खात्याच्या बुटांवर काढला, आणि ते बूट म्हणजे दर पावसाळ्यात तोंड वासणारे. म्हणून मी इथल्या दुकानात जाऊन म्हटलं, सगळ्यात दणकट दाखवा. दुकानदारानं डोंगरात शिकार करणाऱ्यांचे बूट पुढे केले. हे लोक वाट सोडून दगडधोंड्यांतून जातात आणि उतरताना पाठीवर जनावराचं ओझं असतं, म्हणून यांचे बूट घोट्याच्या वरपर्यंत येणारे, जाड चामड्याचे, कमीत कमी शिवणीचे, खाली भोवतीनं रबराची पट्टी असलेले. किंमत दोनशे ऐंशी युरो. चोरट्या शिकाऱ्यांना पकडण्यात हयात घालवलेल्या माणसाला मी शिकाऱ्याचे बूट धाडले म्हणून बाबा तेव्हा फोनवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

आई गेली त्याला आता तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून बाबांनी चालणंच सोडलं. घर ते दूध डेअरी, डेअरी ते घर, बस्स. विचारलं की "पाय दुखतात". डॉक्टर म्हणत होते, गुडघे उत्तम आहेत, माणूस बसून राहिला तर मात्र कायमचा बसेल. मी त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावलं ते एवढ्याचसाठी, की त्यांनी पुन्हा चालावं. आणि इथे येऊन पंधरा दिवस ते खिडकीत बसून ट्राम बघत होते.

त्यांना खिडकीतून उठवलं ते आमच्या तळमजल्यावरच्या हेर (म्हणजे आपलं श्रीयुत) लिंडरनी. वय बहात्तर, आयुष्यभर आगगाडी चालवलेली, मूळचे आल्गॉयचे, म्हणजे दक्षिणेला ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या डोंगरातले. तिथे गावच्या शिकारीच्या हद्दीत त्यांचा हक्क आहे. बाबा जंगल खात्यात होते हे कळल्यावर ते म्हणाले, "आल्झो, तर मग पुढच्या आठवड्यात हे माझ्याबरोबर येणार."

मी बाबांना मराठीत सांगितलं. बाबा ताठ झाले. "शिकाऱ्याबरोबर? जन्मभर ज्यांच्या मुसक्या आवळल्या त्यांच्याबरोबर?"

मी ते जर्मनमध्ये सांगितलं तशी हेर लिंडर हसले. इथे शिकारीच्या परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते, कुठल्या हद्दीत किती जनावरं मारायची ते सरकारी कार्यालय ठरवतं, आणि या फेरीला आपण फक्त मोजायला जाणार, असं त्यांनी समजावलं. बाबांनी बराच विचार केला.

"बंदूक घरी ठेवणार असतील तर येतो म्हणावं."

"गेनाऊ, अगदी तसंच," हेर लिंडर म्हणाले. "फक्त दुर्बीण."

निघायच्या सकाळी आमची नेहमीची पळापळ. गाडीला चाळीस मिनिटं उरलेली आणि बाबा गाठोडं मांडीवर घेऊन गाठ चाचपत बसलेले. "सुटत नाही गं." माझ्यात आधीच धीर नाही. मी स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि कचकन गाठ कापली. बुटांच्या चवड्यातून कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याच्या दोन पुरचुंड्या निघाल्या. बाबांनी कापडाची नीट घडी घालून खिशात ठेवली, पुरचुंड्या बुटांच्या पिशवीत टाकल्या.

रस्त्याबद्दल विचाराल तर: फ्रँकफर्टहून उल्मला गाडी बदलून ओबर्स्टडॉर्फपर्यंत साधारण पाच तास. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. उल्मनंतर उजवीकडची खिडकी, डावीकडची खिडकी असा वाद घालू नका, शेवटच्या तासात दोन्हीकडे डोंगरच आहेत. राहिलो हेर लिंडरांच्या बहिणीच्या घरी. ती वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते, न्याहारीसकट. संध्याकाळी केसश्पेत्सले केलं होतं, म्हणजे चीज घातलेल्या जाड, आखूड शेवया आणि वर तळलेला कांदा. बाबांनी एक घास खाल्ला, खिशातून चटणीची डबी काढली आणि सगळ्यांच्या ताटात वाढली. बहिणीनं दुसऱ्यांदा मागून घेतली.

जेवणानंतर हेर लिंडरनी पडवीतले आपले बूट दाखवले. एक जोड तीस वर्षांचा होता! त्यांचं म्हणणं मी लिहून घेतलं, तुम्हीही घ्या. बूट विकत घ्यायला दुपारनंतर जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालून बघा. दुकानातल्या उतरत्या फळीवर चाला, बोटं पुढे टेकली तर तो जोड आपला नव्हे. डोंगरावरून आलं की आतला तळ बाहेर काढा, कोमट पाण्यानं चिखल धुवा, आत वर्तमानपत्र कोंबा आणि हीटरपासून लांब ठेवा, नाहीतर चामडं तडकतं. चामडं जरा ओलसर असतानाच मेण लावा, पण थापू नका.

मग त्यांनी बाबांचे बूट उचलले. "किती जुने?"

"नवे आहेत," मी ऐटीत सांगितलं. "एकदाही घातलेले नाहीत."

ते नुसतं "हो, हो" म्हणाले आणि बूट खाली ठेवले. या माझ्या ऐटीची फळं दुसऱ्या दिवशी मिळाली.

सकाळी सातला चढायला लागलो. गाईंच्या गळ्यातल्या घंटा खाली राहिल्या, मग सुरूसारखी उंच झाडं, मग दगड. पहिली वीस मिनिटं बाबा रेंगाळले. मग अचानक त्यांच्या पायांना काहीतरी आठवलं. हात मागे बांधून, मान खाली घालून ते पुढे निघाले, तसेच जसे लहानपणी मला गस्तीला नेताना चालायचे. मी मागेच राहिले, म्हटलं चालू देत.

तासाभरानं ते थांबले आणि वाटेवर उकिडवे बसले.

"पोरी, ही कसली लेंडी? भेकराची नाही. सशाची नाही."

वाटेवर काळे बारीक दाणे पडले होते. बाबांनी एक उचलून बोटांत चुरडला, वास घेतला. हेर लिंडरही वाकले. दोन म्हातारे, एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, डोक्याला डोकं लावून वाटेवर बसलेले. मग हेर लिंडरनी माग काढत नजर मागे नेली, पुढे आणली, आणि ती बाबांच्या पायांवर येऊन थांबली. जनावर सापडलं होतं! बाबांच्या बुटाचा तळ चुऱ्यासारखा झडत होता. त्यांनी पाय उचलला तर उजवा तळ टाचेपासून लोंबायला लागला.

"नवे म्हणालीस ना?" हेर लिंडरनी मला विचारलं.

"सहा वर्षांपूर्वीचे. पण वापरलेच नाहीत."

त्यांनी कपाळाला हात लावला. चामडं आणि रबर यांच्यामध्ये जो मऊ थर असतो तो चालून झिजत नाही तेवढा ठेवून सडतो, म्हणाले. पाय पडला की तो दाबला जातो, त्याला हवा लागते, जिवंत राहतो. प्लॅस्टिकमध्ये, दमट हवेत बांधून ठेवला की आतल्या आत भुगा. आणि आमच्या राधानगरीचा पाऊस म्हणजे काय विचारता.

माझा पारा चढला. अर्ध्या डोंगरावर, परक्या माणसासमोर, मी सुरू झाले. "सगळं जपून ठेवायचं! चादरी पाहुण्यांसाठी, कपबश्या पाहुण्यांसाठी, बूट कुणासाठी हो? कपाटासाठी? एकदा, एकदा तरी घालायचेत!"

बाबा दगडावर बसले. लोंबणारा तळ हातात धरून म्हणाले, "मी नव्हते ठेवले. तुझ्या आईनं बांधले. म्हणाली, लेकीकडे दोघं जाऊ तेव्हा घाला, तोवर बुरशी नको लागायला. पाला घातला, लुगड्याचं फडकं फाडून गाठ मारली. मग ती गेली." तळाचा भुगा झटकला. "चार-पाचदा काढले गं खाली. तिनं मारलेली गाठ होती ती. मला सोडवेना."

आणि मी ती कात्रीनं कापली होती. गाडीला उशीर होतो म्हणून.

हेर लिंडरना सगळं सांगताना मी चक्क रडले. त्यांनी ऐकलं, पाठपिशवीतून चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि बाबांचे दोन्ही तळ बुटांना गुंडाळून टाकले. त्या पट्ट्यांवर आम्ही दोन तास पावलापावलानं उतरलो. बाबांचे डोळे सबंध वाटभर त्या पट्ट्यांवर. मला भीती एकच होती, की हा माणूस आता परत खिडकीत जाऊन बसणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी न्याहारीला खाली आले तर हेर लिंडर आपला तीस वर्षांचा जोड घेऊन बाबांच्या खुर्चीसमोर उभे. माप जवळपास सारखं होतं.

बाबांनी पाय आत ओढले. "नको नको. दुसऱ्याच्या वहाणेनं विंचू मारायची सवय नाही मला."

याचं जर्मन करता करता मी घामाघूम झाले. हेर लिंडरनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यांना सांग, या जोडानं एकही विंचू मारलेला नाही. माझी बायको गेली तेव्हा मीही वर्षभर वर गेलो नव्हतो. हा जोड पडवीत होता. शेवटी बहिणीनं ओरडून घालायला लावला."

मी सांगितलं. बाबांनी वर पाहिलं. तेवढ्यात हेर लिंडर गुडघ्यावर बसले आणि नाड्या बांधायला लागले: चढताना घोट्यावर सैल, पायाच्या पाठीवर घट्ट, उतरताना उलट. आपल्याहून मोठा माणूस आपल्या पायाला हात लावतोय म्हटल्यावर बाबांची जी तारांबळ उडाली! "अहो, अहो, काय करताय, उठा!" म्हणत त्यांनी वाकून हेर लिंडरांच्या खांद्याला हात लावला, तोच हात आपल्या छातीला लावला. हेर लिंडरना त्यातलं काय कळलं कोण जाणे. त्यांनी दुसरा पाय पुढे घ्यायची खूण केली.

त्या दिवशी आम्ही वरपर्यंत गेलो. चार तास लागले. खडकांखाली आडवे पडून हेर लिंडरनी दुर्बीण बाबांना दिली, आणि बाबांनी त्यांच्या आधी सात गेम्स मोजल्या, म्हणजे इथल्या कड्यांवरच्या रानशेळ्या, आकड्यासारख्या वळलेल्या शिंगांच्या. हेर लिंडरना सहाच दिसत होत्या. बाबांनी बोटानं सातवं पिल्लू दाखवलं, आईच्या पोटाआड उभं असलेलं. मग दोघं कितीतरी वेळ तसेच पडून होते. उतरताना बाबा मला म्हणाले, "तुझी आई इथवर चढली नसती. खालीच बसली असती भाकरी घेऊन. पण मला वर पाठवलं असतं तिनं."

परतायच्या दिवशी गावातल्या मोची बाईंकडे गेलो. त्यांनी बूट उलटेपालटे केले, चामडं वाकवून पाहिलं आणि म्हणाल्या, "वरचं सगळं अव्वल आहे. तळ नवा बसवू. सहा आठवडे, पंच्याऐंशी युरो." जुने बूट फेकण्याआधी हे विचारून बघाच. विकत घेतानाच तळ बदलता येतो का हे विचारा, ते त्याहून बरं.

ऑक्टोबरअखेर पार्सल आलं. बूट काळ्या कुळकुळीत तळांचे, आणि बरोबर कागदी पाकिटात नावानिशी ठेवलेल्या कडुलिंबाच्या दोन पुरचुंड्या. पिशवीत राहिल्या होत्या म्हणून बाईंनी परत पाठवल्या. बाबांनी त्या उघडून पाला आमच्या बाल्कनीतल्या कुंडीत घातला. बूट पायात घातले आणि विचारलं, "मेन नदी इथून किती लांब?" त्या दिवसापासून परत जाईपर्यंत रोज नदीपर्यंत जाऊन यायचे. एकटे.

विमानातही बूट पायातच. निघताना त्यांनी खिशातलं फडकं काढलं, आईच्या लुगड्याचं, निळं, चौकडीचं, एका कोपऱ्याला माझ्या कात्रीची खूण असलेलं. टर्रकन मधून फाडलं आणि अर्धं मला दिलं.

"बूट पुसायला असलं कापड बरं. मऊ झालंय वापरून."

"बाबा, त्या दिवशी ती गाठ मी..."

"बरं झालं कापलीस. मी काही सोडली नसती."

आता रविवारी फोन केला की आधी चिखलानं बरबटलेल्या बुटांचं दर्शन होतं. "आज देवराईपर्यंत गेलो, गव्याची ताजी पावलं होती!" मीही डोंगरातून आले की माझे बूट धुते, मेण लावते, आईच्या फडक्यानं पुसते. मग फडकं पिळून बाल्कनीत दोरीवर टाकते. घडी घालून कपाटात ठेवत नाही.