आटलेल्या धरणातली हलगी

आत्ताच निपाणीला घरी पोचलोय.

सकाळी आप्पांना आटलेल्या धरणात फिरायला नेलतं. त्यांचं बुडालेलं गाव तिथंच होतं. आता नुसतं वाळवंट. अचानक लांबून हलगी वाजायला लागली.

"सहलीला आलं असंल कोणतरी," मी म्हणालो.

आयुष्यभर हलगी वाजवलेले आप्पा थबकले. "प्लास्टिकची न्हवं रं. जाळावर शेकलेलं कातडं हाय हे."

आता स्वस्त म्हणून सगळेच प्लास्टिकची वापरतात, आप्पासुद्धा.

आवाजाकडं गेलो, तर तो थांबला. माणूस न्हाय, पावलांचे ठसे न्हाईत. वाळलेल्या गाळावर फक्त राख, अजून गरम.

आप्पा पुटपुटले, "आमच्या गावात एकानं हलगी वाजवली की दुसऱ्यानं जबाब द्यायचा असतो."

कुणाकडं कातड्याची हलगी आहे का? आप्पा उद्या परत जायचं म्हणतायत.