ऐकू येईल असं उत्तर

मीनल गेली, हे मला माझ्या नवऱ्यानं सांगितलं. शनिवारची सकाळ होती, मी ओट्याशी भेंडी चिरत होते. श्रीकांतनं आधी गॅस बंद केला, मग सांगितलं. मला वाटलं, अपघात. ती दोन महिने भावाकडे प्लेनोला होती, तिथले हायवे काय कमी भयंकर आहेत? तो म्हणाला, अपघात नाही, स्वादुपिंडाचा कॅन्सर. नोव्हेंबरपासून. "तुला कधी कळलं?" मी विचारलं. तो भेंडीकडे बघत म्हणाला, "डिसेंबरात." म्हणजे पाच महिने हा माणूस माझ्या शेजारी जेवत होता, झोपत होता, "मीनलचा फोन आला का गं?" असं साळसूदपणे विचारत होता. आज सात आठवडे झाले. आम्ही अजूनही कामापुरतंच बोलतो.

मीनल मला अमेरिकेत बेलव्ह्यूला आल्यावर भेटली, तीही डोंगरावर. आम्ही दोघी आपापल्या मुलांना स्की स्कूलला सोडून लॉजमध्ये ओले मोजे वाळवत बसायचो. ती नागपूरची, मी पुण्याची, त्यामुळे पहिल्या दिवसापासून भांडणाला विषय होता. तिसऱ्या शनिवारी ती म्हणाली, आपण काय जन्मभर मोजेच वाळवायचे का? आणि तिनं दोघींची नावं नवशिक्यांच्या वर्गात घालून टाकली. वय एकोणचाळीस. वर्गात आम्ही दोघी आणि बाकी सगळी पाच-सहा वर्षांची पोरं. ती पोरं आम्हाला हात देऊन उठवायची. हळूहळू उलटापालट झाली. आम्ही दोघी डोंगरावर, आणि श्रीकांत आणि मीनलचा नवरा प्रसाद लॉजमध्ये टेबल अडवून, दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा राखत बसलेले. अकरा वर्षं हे असं चाललं.

नंतर आम्ही झाडीतून उतरायला लागलो, तेव्हा आमचा एक नियम ठरला. ताजा भुसभुशीत बर्फ खूप पडला, की झाडांच्या बुंध्यांभोवती वरून न दिसणारी पोकळी राहते. त्यात माणूस डोकं खाली जाऊन पडला, की स्वतःहून निघता येत नाही, सोबतच्यानंच काढायचं. म्हणून झाडीत एकटं जायचं नाही. दर चार-पाच वळणांनी एकीनं ओरडायचं, "आहेस?" दुसरीनं ओरडायचं, "आहे!" नुसता हात हलवला किंवा काठी वाजवली तर चालायचं नाही. ऐकू येईल असं उत्तर द्यायचं. हा हट्ट माझा होता. मीनल माझी टर उडवायची, म्हणायची, तू शाळेत मॉनिटर असशील. होतेच मी. पण तिनं एकदाही उत्तर चुकवलं नाही.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी मांडीपर्यंत बर्फ होता. असा दिवस आम्हाला दोन-तीन वर्षांतून एखादा मिळायचा. दोन्ही घरं आलो होतो, मीनलची ईरासुद्धा कॉलेजातून मुद्दाम आली होती. का आली, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं! मी आपली गाडीतून उतरल्या उतरल्या मीनलला म्हणाले, "काय बारीक झालीस गं! कुठलं डाएट? मलाही दे." ती हसली. प्रसाद डिकीतून बूट काढायला वळला. श्रीकांतनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तीन माणसं तिथे उभी होती, आणि एकानंही माझं तोंड बंद केलं नाही.

पहिल्या दोन खेपांना ती अगदी पूर्वीसारखी उतरली. बर्फ छातीवर उडत होता, झाडीतून तिचं "आहे!" खणखणीत येत होतं. तिसऱ्या खेपेला ती चार वळणं घेऊन थांबायला लागली. चौथीला दोन. बाकीचे लोक आमच्या वाटेवरचा बर्फ तुडवत सुटले होते आणि माझा जीव खालीवर होत होता. शेवटी खाली लॉजपाशी ती म्हणाली, मी बसते, तू ईराला घेऊन जा. मी भडकले. असा दिवस मिळतो तरी कधी, आणि ही म्हणे बसते! मी म्हणाले, "मग घरीच बसायचं होतंस ना. माझा दिवस कशाला वाया घालवलास?"

"काहून भडकून राहिली?" ती म्हणाली. "जा नं. छान आहे बर्फ."

मी गेले. मागे वळूनही न बघता गेले.

दोन केमोंच्या मधला आठवडा होता तो. लॉजच्या उकाड्यातही तिनं लोकरी टोपी काढली नव्हती, ती का, हे आता कळतं. मार्चमध्ये ती प्लेनोला गेली ती भावाकडे राहून उपचार घ्यायला. मला सांगितलं, वहिनीचं बाळंतपण. मी बाळाला मोजे विणून पाठवले... बाळ नव्हतंच. ते मोजे कुणी उघडले असतील, आणि उघडून काय केलं असेल, याचा विचार मी करू नये म्हणते, पण येतोच. श्रीकांत म्हणतो, तिनं शपथ घातली होती. म्हणाली होती, शुभाला कळलं तर ती मला स्की करू देणार नाही, डॉक्टरांच्या याद्या करेल, माझ्याकडे रडक्या डोळ्यांनी बघेल. खरं आहे. मी हे सगळं केलं असतं. पण ते वाक्य बोलले नसते. या सगळ्यांनी मिळून तिला हवा तसा एक दिवस दिला आणि त्याची किंमत म्हणून मला माझं ते वाक्य दिलं. ते मी कुणाकडे परत करू?

मीनलचे स्की माझ्याच गराजमध्ये असायचे, त्यांच्या घरी जागा नव्हती. गेल्या रविवारी ईरा ते न्यायला आली. मी तिच्याशीही धड बोलणार नव्हते. एकोणीस वर्षांच्या पोरीवर कसला राग धरायचा, हे कळतं, पण धरला होता. ती भिंतीशी टेकवलेल्या स्कींसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, कॅन आय टेल यू समथिंग?" मग अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत तिनं सांगितलं. त्या दिवशी ती माझ्याबरोबर वर आली नव्हती. लॉजमध्ये आईपाशीच राहिली होती. म्हणजे मी झाडीत एकटीच उतरले होते, आणि ईरा मागच्या पाळण्यातून वर येतेय असं धरून चालले होते, रागाच्या भरात ती मागे नाही हेही मी पाहिलं नव्हतं. "आई बाहेर थंडीत जाऊन उभी राहिली. आत चल म्हटलं तर येईना. तुझं पिवळं जॅकेट झाडीतून बाहेर येईपर्यंत ती म्हणत होती, आहे... आहे... अगदी हळू. आय थॉट शी वॉज जस्ट कोल्ड."

मी त्या झाडीत ओरडले होते. सवयीनं, दर चार-पाच वळणांनी. उत्तर आलं नाही, तेव्हा मला वाटलं, ईराला आमचा नियम माहीत नाही.

स्की मी ईराला दिले नाहीत. म्हटलं, हिवाळ्यात ये, दोघी जाऊ, तुला नियम शिकवते. ती गेल्यावर मी गराजचं दार लावून घेतलं आणि मीनलला हव्या तेवढ्या शिव्या दिल्या. अगं बाई, तू उत्तर देत होतीस म्हणे. पण मला ऐकू येईल असं द्यायचं, एवढंच तर ठरलं होतं आपलं.