शिवकन्येची बोलायची डिग्री

बोलायला शिकवायची बी डिग्री असती, हे दोन सालामागं मला कोनी सांगितलं असतं तर मी हसून हसून लोळले असते. बोलनं काय शिकायची गोष्ट हाय व्हय? लेकरू रडता रडता बोलायला लागतंय, आन् एकदा लागलं की त्याला गप करायलाच मानूस लागतंय. पर आता त्या डिग्रीला कोनी हसून तर बघावं. त्याची आशी खरडपट्टी काढते, की परत आमच्या आळीला फिरकनार न्हाई.

डिग्री शिवकन्येची. सिरसाळ्यात आमच्या शेजारी चंद्रभागाबाई राहती, तिच्या बहिनीची ही लेक. गाव चकलांबा. मायबाप ऊसतोडीला जातेत. पोर कारखान्याच्या पाचटाच्या कोपीत वाढली, मग हॉस्टेलात राहून बारावी झाली आन् पुन्याला गेली. तिचा बाप धर्मराज लोकांना सांगायचा, "पोरगी बोलायचं शिकायलीया." लोक म्हनायचे, "आरं, बोलता तर येतंय की तिला! का मुकी हाय?" धर्मराजाला त्याच्या पुढचं सांगता यायचं न्हाई. त्यो बी हसायचा आन् तंबाखू मळायचा. पर पोरीचं शिक्षन त्यानं थांबवलं न्हाई, हे त्याचे उपकारच म्हनायचे. पहिली डिग्री झाल्यावर भावकीनं स्थळं आनली, तर ही म्हनली, "आजून दोन वर्सं. मोठी डिग्री करायचीय." गेल्या म्हैन्यात ती पास झाली. पेढे आमच्या घरी पहिले आले. कावून आले, तेच सांगते.

आमचे हे गुरांचे दलाल. बाजाराच्या एका टोकाला हे बोलले तर दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक वळून बघायचं, असा आवाज. मागल्या उन्हाळ्यात ह्यांना लकवा मारला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात जीव वाचला, हातपाय बी हळूहळू सुधारले, पर वाचा गेली. तोंड उघडायचे आन् नुसतं "ब... ब..." करायचे. मग चिडून तांब्या भिरकावायचे. माझा दीर बिभीषण म्हनला, "वहिनी, दादाचं डोस्कं गेलंय. त्याला आता काय कळत न्हाई." मग येनारंजानारं मानूस ह्यांच्याम्होरंच ह्यांच्याबद्दल बोलायला लागलं, जसं काय हे तिथं न्हाईतच.

मला एकच घोर लागला. ह्यांना मी तरी कळते का? जी बाई जेवू घालती, अंघोळ घालती, ती कोन हाय हे ह्यांना ठावं हाय का?

दसरा झाल्यावर शिवकन्या आली. मायबाप कारखान्याला गेल्याले, घराला कुलूप, म्हनून मावशीकडं उतरली. डिग्रीसाठी तिला एक काम दिल्यालं. लकव्यानं वाचा गेल्याली आपल्या भागातली मानसं हुडकायची, त्यांना बोलतं करायचं आन् काय फरक पडला ते लिहायचं. मावशीनं तिला धरून आमच्याकडंच आनलं.

पहिल्या दिवशी तिनं चित्रं मांडली. छत्री, होडी, केक. "काका, हे काय आहे?" ह्यांनी तोंड फिरवलं. पोरगी स्वतःशीच हसली, चित्रं पिशवीत कोंबली आन् उठून खुंटीवरचा कासरा काढून ह्यांच्या हातात दिला. "काका, काय हाय हे? का... का..." मांडीवर थाप मारून ताल धरायची, आपल्या ओठांकडं बघायला लावायची. रोज यायची, न कंटाळता. मला म्हनली, "काकू, डोस्कं गेल्यालं न्हाई. शब्द आतच हायेत, नुसती वाट बंद झालीया."

आन् एक दिवस "कासरा" आला! अगं बाई, काय सांगू! मी आख्ख्या आळीत वरडत सुटले. मग पानी आलं, भाकर आली, च्या आला.

मग तिनं घरच्यांचे फोटो मांडले. आमच्या पोराचा फोटो दावला, हे म्हनले, "हन्मान." दिराचा दावला, अडखळत का हुईना, "बिभीषण" आलं. बैलाचा दावला, तर "सोन्या" कसं खनखनीत! मग माझा. ह्यांनी फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं आन् मान खाली घातली.

"काका, नाव काय ह्यांचं? छ... छबु..."

ती परत परत इचारायची. शेवटी ह्यांनी फोटो पालथा घातला.

दारात उभा राहून बिभीषण म्हनला, "वहिनी, मी सांगत नव्हतो?" शिवकन्येचं बी तोंड उतरलं. "व्हतं असं, काकू. एखादं नाव मागं राहतं," एवढं म्हनून ती गेली.

माझं तर डोस्कंच फिरलं. बैल ध्यानात हाय आन् मी न्हाई? सबंध जलम ह्या मानसाच्या भाकरी थापल्या, आन् मीच पुसून गेले? त्या दिवशी आन् दुसऱ्या दिवशी माझ्या पोटात अन्नाचा कन गेला न्हाई. ह्यांना घास भरवायचे आन् चुलीपाशी पाठ करून बसायचे. रडले बी. लपवायचं कशाला?

तिसऱ्या दिवशी सकाळीच शिवकन्या पळत आली. केस ओलेच.

"काकू, काकांचं नाव सांगा बरं."

"कावून? तुला ठावं न्हाई का?"

"मला हाय. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मी पदर तोंडाला लावला. "अगं येडी का काय! नवऱ्याचं नाव मी कशी घेऊ? आजवर घेतलं न्हाई."

"आन् काकांनी तुमचं?"

मी आठवून बघितलं. घरात, बाजारात, भांडनात. कधीच न्हाई. आन् रागाच्या भरात हे माझ्या बी ध्यानात आलं न्हाई!

शिवकन्येनं कपाळावर हात मारून घेतला. "आत्ता मावशीनं तिच्या मालकाला 'अवो सत्यमचे पप्पा' म्हनून पोराच्या नावानं हाक मारली, आन् माझी ट्यूब पेटली बघा. जे नाव काकांच्या तोंडानं कधी घेतलंच न्हाई, तेच मी मागत बसले. काका चुकले न्हाईत, काकू. मी चुकले."

ती ह्यांच्याम्होरं मांडी घालून बसली. माझ्याकडं बोट करून तिनं इचारलं, "काका, ही कोनाची माय?"

ह्यांनी लगीच वर बघितलं. "हन्... मानची. माय."

देवा रे! मला हुंदकाच फुटला. बिभीषण आवाज ऐकून आत आला आन् तसाच उभा राहिला. मी शिवकन्येचे दोन्ही हात धरले, तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "पोरी, माझा मानूस मला परत दिलास गं," म्हनलं.

पर ह्यांचं झालं नव्हतं. ह्यांनी हात वर केला. शिवकन्येनं मला गप केलं आन् ह्यांच्या तोंडाकडं बघत बसली. या बारीला तिनं पहिलं अक्षर दिलं न्हाई, ताल बी धरला न्हाई. ह्यांच्या कपाळाला घाम आला. ओठ जुळायचे, सुटायचे. मग माझ्याकडं बोट करून, तिच्याकडं गाऱ्हानं करावं तसं, हे म्हनले,

"ही... जेवली... न्हाई."

कोनी इचारलं नव्हतं, कोनी शिकवलं नव्हतं. मी तर पाठ करून बसायचे, तरी ह्यांना सगळं कळत व्हतं.

शिवकन्या डोळे पुसत चुलीकडं गेली आन् ताट वाढून घेऊन आली. मला तिनं ह्यांच्याम्होरं बसवलं. मी जेवले, आन् शेवटचा घास व्हईस्तोवर ह्यांनी माझ्यावरची नजर काढली न्हाई.