सोल्यूशन वाळेपर्यंत

मांजरसुंब्याच्या चौकात माझ्या मोटरसायकलचं पंक्चर काढणारा माणूस ख्रिस्ती आहे. ट्यूबला सोल्यूशन लावलं की ते वाळेपर्यंत डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करतो. गिऱ्हाइकानं कितीही घाई केली तरी डोळे उघडत नाही. शेजारी दुसरं पंक्चरचं दुकान निघालं, तेव्हापासून त्याचं मागणं एकच झालं होतं, "प्रभू, ह्या शेजाऱ्याकडं बघ जरा. लई गिऱ्हाईक पळवतो." मला हसू यायचं आणि धाकधूकही व्हायची, कारण शेजाऱ्याला सगळं ऐकू जायचं.

परवा गेलो तर शेजाऱ्याचा कॉम्प्रेसर जळालेला, आणि याच्या कॉम्प्रेसरची नळी थेट त्याच्या दुकानात गेलेली.

"त्याला कशाला दिली हवा?" मी विचारलं.

"काय सांगू सर, शेजाऱ्याचं वाटोळं मागायला बी नाव तर शेजाऱ्याचंच घ्यावं लागतं. रोज नाव घेऊ घेऊ माया बसली बघा. आता वाईट मागवतच न्हाई."

त्यानं माझ्या ट्यूबला सोल्यूशन लावलं, डोळे मिटले. शेजाऱ्यानं हातोडी खाली ठेवली आणि आपल्या गिऱ्हाइकाला हळूच म्हणाला, "जरा दम धरा. मामाचं वर बोलणं चालू हाय."