तळाशी निजलेलं पाणी

पाण्याचा पहिला घोट घेतला की आमच्या जाऊबाई डोळे मिटत. घोट तोंडात तसाच धरून त्या थोडा वेळ बसून राहत आणि मग ते पाणी कुठलं ते सांगत. एकदा अकोल्याला, जुन्या शहरात माझ्या मावशीकडे आम्ही गेलो होतो. मावशीनं मोर्णा नदीचं ताजं पाणी म्हणून कौतुकानं तांब्या पुढं केला. जाऊबाईंनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "हे मोर्णेचं नाई वो, आडाचं हाय." मावशीचा चेहरा असा पडला की मला हसू दाबता येईना. लग्नाच्या पंगतीत सगळे जिलबीवर तुटून पडलेले असत आणि ही बाई गडव्यातल्या पाण्याची चव घेत बसे. मी अमरावतीच्या शाळेत मराठी चौथी झालेली, स्वतःला फार शहाणी समजणारी. सून होऊन आले तेव्हा वाटलं, आपल्या थोरल्या जावेच्या डोक्यात जरा कसर आहे.

कसर नव्हती, हे गावाचं पाणी तोंडाला लागल्यावर कळलं. आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाण पट्ट्यातलं. जमीन काळीभोर, कापूस असा फुटायचा की नजर ठरत नसे आणि विहिरीत बघावं तर पाणी खारट. तुरीची डाळ तासन्‌तास चुलीवर ठेवा, दाणा तसाच. गोड्या मुलखातले लोक या भागात मुलगी द्यायला कां कू करत. जाऊबाई हिवरखेडच्या. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांच्या वडिलांचा केळीचा मळा होता आणि त्यातून बारमाही पाट वाहायचा. अशा घरची मुलगी इथं आली ती फक्त आमच्या वावरातल्या एका विहिरीच्या भरवशावर.

नाल्याच्या काठावरची ती विहीर अख्ख्या गावात एकटीच गोडी होती. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं. तहसीलदारसाहेब उन्हाळ्यात दौऱ्यावर आले की मुक्कामाच्या आधी आमच्या विहिरीचं पाणी मागवत. पण त्या विहिरीचे लाड फार. घागर आत बुडवायची नाही, पाण्यावर नुसती टेकवायची आणि वरचं वर उचलून घ्यायचं. पाणी ढवळायचं नाही. गावातल्या म्हाताऱ्या बजावत, "खाली तिची खारी सवत निजली हाय. तिले उठवू नका." मी हे ऐकून तोंडाला पदर लावून हसायची. जाऊबाई मात्र विहिरीच्या काठावर बसून उगाच हळू आवाजात बोलत. खरंच कुणी खाली झोपलं आहे आणि आपल्या बोलण्यानं त्याची झोप मोडेल, असं वाटायचं.

मग एका साली पाऊस नावापुरता झाला. होळी पेटायच्या आत विहिरीत हातभर पाणी उरलं. बाया पहाटेपासून घागरी मांडून बसत आणि पाणी झिरपायची वाट बघत. हिवरखेडला विहीर आटली की खाली खोदत आणि खोदलं की पाणी लागे. जाऊबाईंनी लहानपणापासून हेच पाहिलेलं. त्या अस्वस्थ झाल्या. "खाली लय पानी हाय," त्या मला म्हणाल्या. "थे तसंच निजू द्याचं आन्‌ वर बायांनी तहानेनं मरून राहाचं? हे कोनतं शहाणपन?" म्हाताऱ्यांनी सवतीची आठवण करून दिली. तेव्हा जाऊबाई हसून म्हणाल्या, "सवतीले काय भेता वो? जागी झाली तं तिलेई चहा पाजू." माझे भासरे, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, बायकोच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत. त्यांनी विहीर खोदायला वडारांना बोलावणं धाडलं.

एका दुपारी तळाचा थर फुटला आणि पाणी उसळून वर आलं. काठावरच्या बाया आनंदानं ओरडल्या. कुणी हळदकुंकू आणायला धावली. पहिली ओंजळ जाऊबाईंची, हे सगळ्यांनाच मान्य होतं. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि ते काही केल्या उघडेनात. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. मिटलेल्या पापण्यांतून धार लागली तेव्हा मला उमगलं. तो घोट त्यांनी थुंकला नाही. गिळला.

"उठली वो सवत," एक म्हातारी हळूच म्हणाली. रागानं नाही, एखाद्या घरी काही वाईट घडल्यावर बोलावं तसं. गावानं जाऊबाईंना एका शब्दानं दुखवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बाया शेजारच्या गावी पाण्याला जाऊ लागल्या, एवढंच. ती वाट आमच्या दारावरून जायची. त्या वेळेला जाऊबाई मुद्दाम दारात येऊन उभ्या राहत. मी म्हणे, आत चला. त्या म्हणत, "नाई बाई, मले पाहू दे." रोज पाहत. मला वाटे, एवढी शिक्षा कुणी आपली आपल्याला देऊ नये.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझी मंजी जन्मली. तिला पहिली घुटी उगाळली ती त्या खाऱ्या पाण्यात, कारण आमच्या घरी अजून त्याच विहिरीचं पाणी चाले, दुसरं नव्हतं. जाऊबाईंनी तिच्या ओठाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "हिच्या जिभेले मी हे पानी देल्लं." त्यानंतर त्यांनी जो ध्यास घेतला तो शेवटपर्यंत सोडला नाही. ती विहीर पुन्हा गोडी करायची. खोदलेला तळ त्यांनी चिकण मातीनं बुजवून घेतला, वर रेती पसरली. वावरातलं पावसाचं पाणी दांड काढून विहिरीकडं वळवलं. ते गाळ टाकून स्वच्छ होऊन मुरावं म्हणून वाटेत खड्डा करून त्यात रेती आणि गोटे भरले. आभाळ गळू लागलं की डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बाई दांडावर हजर. आणि रोज सकाळी विहिरीची एक ओंजळ. घरातले पुरुष चेष्टेनं विचारत, "निजली का तुमची सवत?" त्या म्हणत, "जागीच हाय अजून."

माझ्या आठवणीतल्या जाऊबाई मला जास्त करून त्या दांडावरच दिसतात. संध्याकाळी आम्ही दोघी तिथं बसत असू. कपाशीवर ऊन पिवळं होऊन लोळत असे. या मातीखाली फार पूर्वी समुद्र होता, असं गावात जुनी माणसं म्हणत. खरंखोटं देव जाणे. जाऊबाईंनी समुद्र कधी पाहिला नाही, मीही नाही. पण त्या मातीवर तळवा टेकवून बसत आणि मला सांगत, "इथं मासे पोहून राहिले असतीन. आपुन बसलो न, ठीक इथंच." मग काळ्या रानावर वारा सुटला की मलासुद्धा लाटा दिसायला लागत. एकदा त्या म्हणाल्या, "आपल्या आंगात जे हाय थे खारंच न? घाम खारा, रगत खारं, आसू खारे. मंग गोड्या घोटासाठी जीव काहून असा तुटते?" मी माझी चौथीची सगळी पुस्तकं आठवून पाहिली. मग त्यांनीच सांगितलं, "आतलं खारं हाय म्हनूनच तुटत असन."

अशी वर्षं गेली. मंजी धावू-बोलू लागली, शेजारच्या पोरींबरोबर सागरगोटे खेळू लागली. मग एका पावसाळ्याच्या अखेरीला जाऊबाईंना हिवतापानं धरलं. जीव राहिला, पण तोंडाची चव पार गेली. गूळ दिला काय आणि मीठ दिलं काय, सारखंच. त्या घाबरल्या नाहीत, रडल्या नाहीत. खाटेवर पडून मला म्हणाल्या, "आता सकाळची ओंजळ तू घेजो. मले येऊन सांगजो."

मी घेऊ लागले. आणि दिवाळीनंतरच्या एका सकाळी ओंजळ ओठाला लावली तर ते पाणी अमरावतीच्या माझ्या घरच्या पाण्यासारखं लागलं. पुन्हा घेतली. पुन्हा तेच. मी तांब्या भरून धावतच घरी आले. "बाई, गोड झालं!" जाऊबाईंनी माझ्याकडे मायेनं पाहिलं आणि मान फिरवली. "माहा जीव राखाले म्हनून राहिली तू," त्या म्हणाल्या. मी मंजीची शपथ घेतली. भासऱ्यांनी पाणी पिऊन पाहिलं, तेही डोळे पुसत गोड आहे म्हणाले. "तुमीई तसेच," त्या म्हणाल्या. बिचाऱ्या स्वतः दोन घोट घेऊन बसल्या, सवयीनं डोळे मिटले आणि काहीच न कळून उघडले. त्यांचं ते तोंड मला आजही पाहवत नाही.

थंडी वाढली तशा त्या गेल्या. त्यांच्यामागं आमच्या दारावरची वाट ओस पडली, कारण गावच्या बाया पुन्हा आमच्या वावरात पाण्याला येऊ लागल्या. पण मला आठवते ती पाणी गोड झालं त्याच सकाळची, थोड्या वेळानंतरची गोष्ट. मंजी खेळून तहानलेली आत आली. खाटेजवळचा तो तांब्या तिनं तोंडाला लावला आणि लगेच खाली ठेवला. जन्मापासून खाऱ्या पाण्यावर वाढलेली पोर ती. नाक मुरडून म्हणाली,

"मोठी आई, या पान्याले तं काहीच चव नाई!"

जाऊबाई उठून बसल्या. त्यांनी मंजीला जवळ ओढलं, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि पुन्हा विचारलं, "काय म्हनली? आखीन सांग." मंजी वैतागून म्हणाली, "चवच नाई म्हनलं न!"

"हेच असते गोडं पानी, माय माही," जाऊबाई म्हणाल्या. "होईन तुले सवय." मग त्यांनी माझ्याकडे हात पुढं केला, तांब्या मागून घेतला आणि उघड्या डोळ्यांनी तो सगळा पिऊन टाकला.