साडूभाऊंचा फोन

विचारल्याशिवाय काहीही न स्वीकारणारा एकच माणूस या जगात उरला असेल, तर ते माझे साडूभाऊ. श्रीवर्धनच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ मोबाईलवर ‘मान्य आहे’ दाबण्याआधी वरचा सगळा मजकूर वाचतात. बँकेचं ॲप घ्यायला त्यांना दोन दिवस लागले, आणि मधे बँकेला एक शंकापत्रही गेलं. ‘यांच्या ताटात कढी वाढली तरी ती कुणी केली आणि अशीच का केली, हे सांगावं लागतं,’ असं मेव्हणी म्हणते. यावर साडूभाऊ शांतपणे विचारतात, ‘मग का केलीस?’

निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या किनाऱ्यावरच्या गावोगावची भरती-ओहोटी सांगणारं सॉफ्टवेअर लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कुणीही वापरावं, आतलं बघावं, सुधारणा पाठवावी. मात्र सुधारणा आली की साडूभाऊंचा फोन गेलाच. पाठवणारा नागपूरचा असो की जर्मनीतला, त्याने ओळ न् ओळ तोंडी समजावायची. हल्ली लोक यंत्राकडून, म्हणजे त्या एआयकडून, लिहून घेऊन पाठवायला लागले, तेव्हा सगळे म्हणाले, बंदी घाला. साडूभाऊ रागावण्याऐवजी खुलले. ‘यंत्राला कसं सुचतं हो हे?’ म्हणून आठवडाभर त्याच्याशीच गप्पा मारत बसले आणि नियमाचा कागद कोराच राहिला.

आता माझं सांगतो. मी रेवसजवळ खाडीकाठी राहतो. आमच्या गावाच्या वेळा त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हत्या. साडूभाऊंनी कौतुक करावं, या हावेपोटी मी त्या यंत्राकडून लिहून घेतल्या आणि स्वतःच्या नावाने पाठवल्या. फोन येणार हे ठाऊक होतं, म्हणून स्पष्टीकरणही यंत्राकडूनच घेतलं आणि पडद्यावरून वाचून दाखवलं. ‘छान समजावलंत,’ साडूभाऊ म्हणाले. मी आभार मानून फोन ठेवला.

महिन्याभराने मी त्यांच्याकडे गेलो असताना आमच्या गावच्या तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, फोन आला. तो इतका ओरडत होता की मलाही सगळं ऐकू आलं. ‘मास्तर, तुमचा मोबाईल बोलतो पानी आलाय, नि माझी होडी चिखलात बसली! पाऊण तास! मासळीचा टेम्पो गेला ना निघून!’

‘चूक माझी. मी नीट विचारलं नाही,’ साडूभाऊ म्हणाले. त्यांनी फोन ठेवला. मग म्हणाले, ‘लोक यावर होड्या लोटतात. मला आता झेपत नाही. बंद करतो हे.’

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. फोनवर वाचून दाखवल्याचंही. ते चिडतील म्हणून मान खाली घालून बसलो. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

‘यंत्राला खाडी सांगितली होतीत?’

‘नाही. फक्त गावाचं नाव.’

‘मग त्याने समुद्राची वेळ धरली. त्याला काय ठाऊक, आत पाणी उशिरा चढतं?’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तुम्हाला ठाऊक होतं ना?’

होतं. लहानपणापासून. रेवसच्या धक्क्यावर भरती झाली तरी आमच्या कोपऱ्यात पाणी पाऊण तासाने येतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी ते आकडे एकदा वाचलेही नव्हते.

सॉफ्टवेअर बंद झालं नाही. त्याच दुपारी नियम लिहिला गेला: यंत्राची मदत खुशाल घ्या, पण घेतली असं सांगा, आणि जे तुम्हाला स्वतःला पटलेलं नाही ते पाठवू नका. कुणामुळे लिहिला, ते त्यात नाही.

त्यानंतर मी दोनदा दुरुस्त्या पाठवल्या. साडूभाऊंनी दोन्ही वेळा फोन केला, सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीच्याच मायेने विचारलं, ‘हे तुम्हीच बोलताय ना, भाऊ?’ मी हो म्हणतो. ते मानतात. मानण्याआधी क्षणभर थांबतात, एवढंच. पूर्वी थांबत नसत.