खडूची अंडी

भूकंपानंतर आमच्या लातूरला दोन गोष्टींना ऊत आला: शिकवण्यांना, आणि भूकंप आधी कसा ओळखायचा हे सांगणाऱ्यांना. बाबा दुसऱ्या गटातले. वरच्या मजल्यावरच्या खोल्या त्यांनी क्लासच्या पोरांना भाड्यानं दिल्या होत्या आणि स्वतः मात्र अंगणात बाज टाकून झोपायचे. छताखाली ते पाऊलच ठेवत नसत. "यांचं छत भाड्यानं द्यायला चांगलं, झोपायला नाही," असं आई म्हणायची.

अशात ते नांदेडहून लोटन कबुतरांची जोडी घेऊन आले. लोटन म्हणजे पांढरंशुभ्र कबूतर. जरा धक्का लागला की उडायचं सोडून जमिनीवर कोलांट्या खात सुटतं. मेंदूतला हा दोष पिल्लांत उतरतो, आणि शौकीन लोक जोड्या लावून तो मुद्दाम जपतात. ज्यांनी जोडी दिली ते बाबांचे ऑफिसातले जुने मित्र, नांदेडचे पक्के कबूतरबाज. त्यांनी आधी बजावलं होतं, "हे लोळायला लागलं की आपल्या मनानं थांबत न्हाई, भाऊ. हातानं उचलावंच लागतं. न्हाई तर खतम."

बाबांनी यातून एवढंच घेतलं, की इतक्याशा धक्क्यानं जे लोळतं त्याला भूकंप सगळ्यांच्या आधी कळणार.

मग काय, कबूतर लोळलं की बाबा परात बडवायचे आणि घर रस्त्यावर. कुकरची शिट्टी झाली, पळा. शेजारणीनं मिरच्या कुटायला घेतल्या, पळा. टेस्टच्या सकाळी तर पोरंच जिन्यात धाडधाड उड्या मारायची आणि वर ओरडायची, "काका, चला भायेर, लोळून राहिलंय!" बाबा रस्त्यात उभे राहून सगळ्यांची हजेरी घ्यायचे. कबूतर उचलायचं काम माझं. त्याची छाती हातात अशी धडधडायची की मला रडू यायचं.

मादीनं अंडी घातली तेव्हा अख्ख्या गल्लीनं पिल्लं सांगून ठेवली. आई शाळेत शास्त्र शिकवायची, ती भडकली. नांदेडचे मित्र घरी आले तेव्हा तिनं त्यांनाच धरलं. "ज्याला थांबता येत नाही असा जीव मुद्दाम जन्माला घालायचा?"

"वहिनी, बनवणारा तो वरचा."

"वरच्यानं नाही, तुम्ही बनवलंय. जोड्या तुम्ही लावता."

"बात तो सही है," म्हणत त्यांनी चहा संपवला आणि एक पिल्लू स्वतःसाठी मागून गेले.

बाबा मात्र ऐकेनात. "माझ्या बहिणीला सांगणारं कुणी असतं तर ती आज असती," एवढंच म्हणाले. 

आणि एका दुपारी खरंच हादरा बसला. मांडणीवरची भांडी खाली आली. मादी अंड्यांवर डोळे मिटून बसलेली, नर सोप्याच्या पायरीशी निवांत ज्वारी टिपत होता. दोघांनी आम्हाला काहीएक सांगितलं नाही. आम्ही आपले आपण पळालो, आणि आमच्या त्या धावपळीनं नर लोळायला लागला. लोळत लोळत सोप्यात, थेट छताखाली गेला.

फाटकातून सगळं दिसत होतं. मी निघाले तशी बाबांनी माझी वेणी धरून मला मागं ओढलं. कबुतराची चोच रक्तानं माखली. "थांबत न्हाई हो ते, काका," एक पोरगा म्हणाला. तेव्हा परात टाकून बाबा आत गेले. बाहेर आले तेव्हा कबूतर त्यांच्या दोन्ही हातांत होतं आणि ते लहान पोरासारखे रडत होते.

"अजून असली जन्माला नकोत," ते आईला म्हणाले.

आईनं त्याच संध्याकाळी खडू घासून दोन अंडी केली आणि खरी काढून घेतली. गल्लीत सांगितलं, अंडी नासली. मादीला मात्र कुणी काही सांगितलं नाही. अंडी फुटायचे दिवस उलटून गेले तरी ती बसूनच होती. बाबा तिच्यापुढे दाणे टाकून हात जोडायचे. ती चोचीनं एकेक खडू हळूच उलटायची, दुसऱ्या बाजूलाही ऊब मिळावी म्हणून.